बडोद्याहून क्रूझला निघताना: पैसे वसूल व्हावेत आणि सहल मनासारखी व्हावी यासाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीच्या सुट्टीचे बेत सुरू झाले की दांडिया बाजारापासून वाघोडिया रोडपर्यंत ओळखीतल्या मराठी घरांमधून हल्ली हे प्रश्न येतात. कुणाला आई-वडिलांना घेऊन जायचंय, कुणाचं लग्नाचं पंचविसावं वर्ष असतं, कुणाला मुलांनी हट्ट करून भंडावलेलं असतं. सगळ्यांना एकेकट्याला सांगण्यापेक्षा इथे एकत्र लिहिते. माझं मत सुरुवातीलाच मांडते: क्रूझवर पैसे जास्त जातात ते तिकिटात नव्हे, तिकिटानंतर. भाड्यात जे आलेलं आहे ते पुरेपूर उपभोगा, आणि जे आलेलं नाही त्यातलं काय घ्यायचं ते घरी बसूनच ठरवून निघा.

क्रूझ खरंच परवडते का?

हे तुम्ही एरवी कशा प्रकारे फिरता यावर आहे. गोव्याला गेल्यावर साध्या लॉजमध्ये उतरून बाहेर जेवणाऱ्या कुटुंबाला क्रूझ महागच पडेल, तिथे उगाच मनाची समजूत घालू नका. पण जे लोक चांगल्या रिसॉर्टमध्ये राहतात, त्यांचा हिशेब वेगळा लागतो. कारण जहाजाच्या भाड्यात खोली, सकाळच्या नाश्त्यापासून रात्रीपर्यंतचं खाणं, रात्रीचे कार्यक्रम, पोहण्याचा तलाव आणि एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणं, एवढं सगळं आलेलं असतं.

हिशेब असा करा. सगळ्यांचं मिळून भाडं, त्यावर बंदर शुल्क, कर आणि कर्मचाऱ्यांची बक्षिशी, बडोदा ते बंदर जाण्या-येण्याचा खर्च, आदल्या रात्रीचं हॉटेल, बंदरावर उतरून फिरण्याचा खर्च आणि जहाजावर वेगळं काही घेणार असाल तर तेही. या बेरजेला रात्रींनी आणि माणसांनी भागा. जो आकडा येईल तो रिसॉर्टच्या सहलीच्या अशाच आकड्याशी ताडून पाहा, फक्त त्यात जेवणखाण आणि टॅक्सी धरायला विसरू नका. दोन रात्रींच्या सफरीत हा आकडा नेहमी जास्त येतो, कारण बंदरापर्यंतचा खर्च तेवढाच राहतो आणि वाटून घ्यायला रात्री कमी असतात. म्हणून परवडत असेल तर दोनऐवजी तीन-चार रात्रींची सफर घ्या, असं मी सांगते.

जाहिरातीतला आकडा आणि शेवटचं बिल यांत एवढा फरक का?

जाहिरातीतला आकडा बहुधा एका माणसाचा असतो, आणि तोही एका केबिनमध्ये दोघं राहतील असं धरून. एकट्यानं जायचं तर बऱ्याच कंपन्या दुसऱ्या माणसाचंही भाडं जवळजवळ पूर्ण लावतात. उलट त्याच केबिनमधला तिसरा आणि चौथा माणूस पुष्कळदा स्वस्तात जातो. चौकोनी कुटुंबाला याचा चांगला फायदा होतो, मात्र चौघांसाठी ती खोली लहान असते हे डोक्यात असू द्या.

आकड्यात न दिसणारी दुसरी गोष्ट म्हणजे बक्षिशी. आंतरराष्ट्रीय जहाजांवर ती दर माणशी दर दिवशी साधारण १५ ते २० डॉलर अशी आपोआप बिलात चढते, मुलांचीही. चौघांच्या पाच रात्रींच्या सफरीत ही रक्कम सहज ३०० ते ४०० डॉलर होते. बुकिंगच्या वेळीच एजंटला विचारा, ‘बंदर शुल्क, कर, बक्षिशी सगळं धरून शेवटचा आकडा किती?’ आणि उत्तर लेखी घ्या.

परदेशातलं पॅकेज घेताना टीसीएस, म्हणजे विकणाऱ्यानं सरकारसाठी आगाऊ घेतलेला कर, हाही कापला जातो. तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि आयकर रिटर्न भरताना करातून वजा होतो किंवा परत मिळतो, म्हणजे तो सहलीचा खर्च नाही. पण बुकिंगच्या वेळी रोख रक्कम तेवढी जास्त लागते. दर बजेटमध्ये बदलत असतात, तुमच्या सीएंना विचारून घ्या.

पहिल्यांदा जायचं तर कुठून?

आधी एक प्रश्न स्वतःला विचारा: तुम्हाला जहाज हवंय की गावं? सयाजीराव महाराज १८८७ साली पहिल्यांदा युरोपला गेले तेव्हा समुद्रप्रवास हा पोहोचण्याचा मार्ग होता. आजच्या छोट्या क्रूझमध्ये पोहोचणं दुय्यम असतं, जहाजावर राहणं हीच सहल असते. ज्यांना देवळं, वस्तुसंग्रहालयं, बाजार, गल्लीबोळ पाहायचे असतात, त्यांना बंदरावर मिळणारे सात-आठ तास तोकडे वाटतात, आणि त्यांनी क्रूझवर पैसे घालू नयेत असं मला मनापासून वाटतं.

जहाजावरचं राहणं हवं असेल तर मुंबईहून गोवा किंवा लक्षद्वीप ही सुरुवातीला बरी. कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं एम्प्रेस हे जहाज २०२१ च्या सप्टेंबरपासून मुंबईहून धावायला लागलं. ते १९९० सालचं आहे. तेव्हा त्याचं नाव ‘नॉर्डिक एम्प्रेस’ होतं. त्यामुळे व्हिडिओत दिसणाऱ्या वीस मजली नव्या जहाजांची अपेक्षा ठेवून त्यावर चढू नका. पण पासपोर्ट-व्हिसाची धावपळ नाही, जेवण ओळखीचं, आणि समुद्र आपल्याला मानवतो की नाही हे कमी खर्चात कळतं.

दुसरी पायरी सिंगापूर. अहमदाबादहून सिंगापूरला थेट विमान आहे, तीन-चार रात्रींत मलेशियातलं पेनांग किंवा पोर्ट क्लांग, नाहीतर थायलंडमधलं फुकेत होतं, जहाजं मोठी असतात आणि भारतीय प्रवासी भरपूर असल्यामुळे शाकाहारी जेवणाची आबाळ होत नाही. भूमध्य समुद्रातली सात रात्रींची सफर फार सुंदर, पण ती पहिलीच करू नये. तिथे व्हिसा, विमान आणि बंदरापासूनची अंतरं यांचा ताळमेळ बसवायला थोडा सराव लागतो.

मुंबईला त्याच दिवशी सकाळच्या गाडीनं पोहोचून जहाजात चढता येईल का?

कागदावर येईल. बडोद्याहून मुंबई सेंट्रल रेल्वेनं जवळजवळ ३९० किलोमीटर आहे आणि वेगवान गाड्या चार-पाच तासांत पोहोचवतात. तरीही आदल्या दिवशीच जा. जहाजाचे दरवाजे सुटण्याच्या वेळेच्या बरेच आधी बंद होतात, आणि गाडीला उशीर झाला म्हणून जहाज थांबत नाही, पैसेही परत मिळत नाहीत. आदल्या रात्री फोर्ट, चर्चगेट भागात किंवा दादरला नातेवाइकांकडे राहिलात तर बॅलार्ड पियरचं टर्मिनल सकाळी आरामात गाठता येतं. विमानानं सिंगापूर किंवा युरोपला जाताना तर एक रात्र आधी पोहोचणं मी सक्तीचंच मानते.

मला गाडी लागते. समुद्र लागेल का?

गाडी लागणाऱ्या सगळ्यांनाच समुद्र लागतो असं नाही. मोठ्या जहाजांना पाण्याखाली पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात, ते डोलणं बरंच कमी करतात. तरी भीती असेल तर आपल्या गुजरातमध्येच त्याची परीक्षा घेता येते. सुरतजवळच्या हजिऱ्याहून भावनगरजवळच्या घोघ्यापर्यंत रो-पॅक्स फेरी, म्हणजे माणसं आणि गाड्या दोन्ही नेणारी बोट, आहे. रस्त्यानं साधारण ३७० किलोमीटरचं अंतर समुद्रातून ९० किलोमीटर होतं आणि खंभातच्या आखातातून जायला सुमारे चार तास लागतात. ती बोट क्रूझ जहाजापेक्षा पुष्कळ लहान, त्यामुळे तिच्यावर त्रास झाला नाही तर मोठ्या जहाजाची धास्ती बाळगायचं कारण उरत नाही. फेऱ्या हवामान पाहून सोडतात, निघण्याआधी चौकशी करा. लाखभर रुपये गुंतवण्याआधी काही शेकड्यांत एवढी खात्री होते, म्हणून घाबरणाऱ्या प्रत्येकाला मी ही फेरी सुचवते.

जून ते सप्टेंबर अरबी समुद्र खवळलेला असतो, त्या काळात मुंबईहून सफर ठरवू नका. एरवी केबिन जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर घ्या, तिथे हेलकावे सर्वांत कमी जाणवतात. मळमळ सुरू झाली की केबिनमध्ये पडून मोबाइल पाहण्यापेक्षा उघड्या डेकवर येऊन क्षितिजाकडे बघा. आल्याचा तुकडा, आलेपाक जवळ असू द्या. अ‍ॅव्होमिनसारखी गोळी त्रास सुरू होण्याआधी घेतली तर लागू पडते, नंतर तिचा तितका उपयोग नाही. तिनं झोप येते, आणि रक्तदाब, प्रोस्टेट, काचबिंदू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

केबिन कोणती घ्यावी? बाल्कनी हवीच का?

दोन-तीन रात्रींसाठी बिनखिडकीची आतली केबिन पुरते. दिवसभर तुम्ही बाहेरच असता आणि ती सर्वांत स्वस्त असते. मात्र आत दिवस-रात्र कळत नाही, ज्यांना बंद जागेचा त्रास होतो त्यांनी खिडकीची घ्यावी. बाल्कनीचे जास्तीचे पैसे दोन ठिकाणी सार्थकी लागतात: आठवड्याच्या सफरीत, आणि बरोबर असं ज्येष्ठ माणूस असेल ज्याला गर्दीत बसणं सोसत नाही. सकाळचा चहा घेऊन आजोबा तिथे दोन तास निवांत बसतात, त्याची किंमत पैशात काढू नका.

बुकिंगपूर्वी जहाजाचा डेक प्लॅन नक्की पाहा. तुमच्या केबिनच्या वर आणि खाली केबिनच आहेत ना, एवढं बघायचं. वर बुफे किंवा स्विमिंग पूल असेल तर पहाटेपासून खुर्च्या सरकवल्याचे आवाज येतात, खाली डिस्को असेल तर मध्यरात्रीपर्यंत धडधड. ‘गॅरंटी’ केबिन, म्हणजे नंबर कंपनी ठरवणार, ती स्वस्त मिळते, पण झोप सावध असलेल्यांनी त्या मोहात पडू नये.

शाकाहारी आणि जैन जेवण मिळतं का? उपवासाचं काय?

मुंबई आणि सिंगापूरहून सुटणाऱ्या जहाजांवर शाकाहाराची काळजी नको. जैन जेवण मात्र बुकिंगच्या वेळीच नोंदवा, आणि चढल्यावर पहिल्याच दिवशी जेवणघराच्या मुख्य वाढप्याला पुन्हा सांगा. सगळं जेवण बुफेतच उरकणं हा आपल्याकडे पडलेला पायंडा आहे, आणि तिथेच लोक आपलं नुकसान करून घेतात. बसून जेवण्याचं मुख्य दालन भाड्यातच आलेलं असतं. तिथे गर्दी कमी, वाढपी रोज तेच, आणि ‘उद्या आमच्यासाठी साधी डाळ आणि एखादी भाजी करता येईल का?’ असं आदल्या रात्री विचारलं तर युरोपातल्या जहाजांवरही बऱ्याचदा करून देतात. त्यांच्या स्वयंपाकघरात भारतीय हात खूप असतात, गोव्या-मंगळूरकडची कितीतरी मुलं पिढ्यान्‌पिढ्या जहाजावर काम करत आली आहेत. त्यांच्याशी आपुलकीनं बोला, नाव लक्षात ठेवा. घरापासून महिनोन्‌महिने दूर राहून ती तुमची सेवा करत असतात.

एकादशी, चतुर्थी पाळणाऱ्यांना फळं, दही, दूध, उकडलेले बटाटे मिळतात. साबुदाण्याच्या खिचडीची आशा धरू नका.

पैसे देऊन जेवायची खास रेस्टॉरंटं प्रत्येक मोठ्या जहाजावर असतात. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी भर मांस आणि माशांवर असतो. शाकाहारी माणसानं आधी मेनू मागून पाहावा, मगच पैसे भरावेत.

थेपले, चिवडा, भाकरवडी नेता येईल?

बंद पाकिटातला कोरडा खाऊ बहुतेक कंपन्या चालवून घेतात, घरी शिजवलेलं अन्न सहसा आत नेऊ देत नाहीत. काही कंपन्या बाहेरचं काहीच चालू देत नाहीत, म्हणून नियम वाचा. मुंबईपर्यंतच्या गाडीत थेपले संपवा. इस्त्री, किटली, आणि बऱ्याच जहाजांवर एक्स्टेन्शन बोर्डही जप्त होतो. समुद्रात आगीचा धोका सर्वांत मोठा मानतात, त्यामुळे याबाबत हुज्जत घालण्यात अर्थ नाही.

ड्रिंक्स पॅकेज घ्यावं का?

हिशेब सोपा आहे. पॅकेजच्या एका दिवसाच्या किमतीला एका पेयाच्या किमतीनं भागा, रोज तेवढी पेयं घेणार नसाल तर पॅकेज नको. अनेक कंपन्यांत केबिनमधल्या एका प्रौढानं दारूचं पॅकेज घेतलं की दुसऱ्यालाही घ्यावं लागतं. न पिणाऱ्या जोडीदाराचे पैसे त्यात फुकट जातात. पाणी, बुफेतला चहा-कॉफी बहुधा भाड्यातच असते. मुलांसाठी शीतपेयांचं वेगळं, स्वस्त पॅकेज असतं, लांबच्या सफरीत ते कधी कधी परवडतं.

आपल्यासाठी खास महत्त्वाचं: जहाजावरच्या दुकानातून घेतलेली बाटली तुम्ही बडोद्याला आणू शकत नाही. गुजरातमध्ये परमिटशिवाय दारू बाळगणं गुन्हा आहे, मग ती कुठेही कायदेशीर विकत घेतलेली असो.

फोन आणि इंटरनेट?

जहाज सुटलं की फोन फ्लाइट मोडवर टाका. जहाजाचं स्वतःचं उपग्रहावरचं मोबाइल नेटवर्क असतं, फोन ते आपोआप पकडतो आणि त्याचं बिल डोळे पांढरे करणारं येतं. तुमचा नेहमीचा रोमिंग पॅक तिथे बहुधा लागू नसतो. वाय-फाय हवंच असेल तर कुटुंबात एकाच फोनचं घ्या.

बंदरावर उतरल्यावर जहाजाची टूर घ्यावी की आपण फिरावं?

बंदरापासून पाहायचं ठिकाण किती लांब, यावर ठरवा. जहाजाच्या टूरला उशीर झाला तर जहाज थांबतं. तुमच्या टॅक्सीला झाला तर थांबत नाही. जहाजाची टूर महाग असण्याचं एक कारण हेच.

गोव्यात जहाज मुरगाव बंदराला लागतं. तिथून पणजी साधारण ३० किलोमीटर. चार-पाच तासच हातात असतील तर पणजी, जुनं गोवं आणि मंगेशी असं सगळं गाठायचा अट्टहास करू नका, वास्कोतलं दामोदर मंदिर आणि बोगमाळोचा किनारा यात सकाळ छान जाते. दोन-तीन कुटुंबांनी मिळून टॅक्सी केली तर खर्चही उतरतो. युरोपच्या जाहिरातीत ‘रोम’ लिहिलेलं असतं, पण जहाज चिवितावेक्किया नावाच्या बंदराला लागतं आणि तिथून रोम सुमारे ८० किलोमीटर आहे. आगगाडी आहे, स्वस्तही आहे, पण पहिल्या वेळी तिथे जहाजाची टूर घेतलेली बरी. याउलट बंदर भर गावात असेल तर टूरवर एक रुपयाही घालू नका, चालत फिरा.

लक्षद्वीपला जहाज बेटापासून दूर उभं राहतं, कारण भोवती प्रवाळाची भिंत आणि आत उथळ पाणी. तिथून लहान बोटींतून नेतात. लाटा जास्त असतील तर उतरणं रद्द होतं, आणि तसं झालं तरी भाडं परत मिळेलच असं नाही. फक्त लक्षद्वीपसाठी जाणाऱ्यांनी ही शक्यता मनाशी धरूनच पैसे भरावेत.

परत चढण्याची शेवटची वेळ जहाजाच्या घड्याळाप्रमाणे असते. देश बदलला की गावची वेळ वेगळी असू शकते. हातातलं घड्याळ जहाजाच्या वेळेवरच राहू द्या.

आजी-आजोबा आणि लहान मुलं यांना झेपेल का?

ज्येष्ठांना क्रूझ इतर सहलींपेक्षा जास्त सोयीची, असं माझं ठाम मत आहे. रोज बॅग भरायची नाही, लिफ्ट असते, जेवण आणि डॉक्टर जहाजातच. गुडघे दुखणाऱ्यांना केबिन लिफ्टजवळची मागा. बंदरावर लहान बोटीतून उतरावं लागणार असेल तर व्हीलचेअरवाल्यांना उतरता येईलच असं नाही, हे आधी विचारा. जहाजाच्या दवाखान्याचं बिल वेगळं लागतं आणि ते जबर असतं. आपली नेहमीची आरोग्य पॉलिसी परदेशात सहसा चालत नाही, म्हणून समुद्रातून रुग्णाला हलवण्याचा खर्च धरणारा प्रवास विमा घ्याच. रोजची औषधं हातातल्या पिशवीत ठेवा, कारण मोठ्या बॅगा केबिनपर्यंत यायला संध्याकाळ होते.

तान्ह्या मुलांसाठी बहुतेक कंपन्यांत किमान वय सहा महिने आहे, आणि गरोदरपणाचे २४ आठवडे झालेल्यांना नेत नाहीत. तीन वर्षांपुढच्या मुलांचा किड्स क्लब बऱ्याच मोठ्या जहाजांवर भाड्यातच असतो. आई-वडिलांना दोन तास एकमेकांशी बोलायला मिळावेत, एवढ्यासाठी तरी तो वापरा.

जहाज बुडण्याची भीती वाटते.

टायटॅनिक १९१२ मध्ये बुडालं, त्यानंतर १९१४ मध्ये समुद्रातल्या सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि त्याच्या सुधारलेल्या रूपावर आजची जहाजं चालतात. १३ जानेवारी २०१२ ला इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आपटून ३२ माणसं गेली. त्या संध्याकाळी चढलेल्या प्रवाशांची सुरक्षा कवायत झालेलीच नव्हती. नंतर नियम बदलला, आता कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच करावी लागते. म्हणून ती घोषणा झाली की बुफे सोडून जा, आपली जमण्याची जागा कोणती ते घरातल्या प्रत्येकाला, लहान मुलांनाही, दाखवा.

प्रत्यक्षात जास्त संभव पोट बिघडण्याचा. उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरस या विषाणूवर सॅनिटायझर फारसा चालत नाही, साबणानंच हात धुवा.

कागदपत्रं काय लागतात?

देशातल्या सफरीला आधार किंवा तत्सम ओळखपत्र, मूळ प्रत. श्रीलंकेला गेलात तर पासपोर्ट, आणि तो सहा महिने तरी वैध हवा. सिंगापूरहून निघून सिंगापूरलाच परतणार असाल तर तुम्ही त्या देशात दोनदा प्रवेश करता, व्हिसा अनेक प्रवेशांचा आहे का ते तपासा आणि तिथलं आगमन कार्ड परतीच्या वेळी पुन्हा भरा. युरोपच्या फेरीत मध्येच शेंगेनबाहेरचा, म्हणजे युरोपातल्या एकाच व्हिसावर चालणाऱ्या देशांच्या गटाबाहेरचा, देश असेल तर तोच नियम.

बुकिंग कधी करावं?

दिवाळी ते लाभपाचम आपल्याकडे दुकानं बंद, शाळांना तीन आठवड्यांची सुट्टी, त्यामुळे मुंबई आणि सिंगापूरची जहाजं गुजरातच्या कुटुंबांनी भरतात आणि भाव चढतात. मुलांच्या शाळेचं बंधन नसेल तर दिवाळी उलटल्यावर नोव्हेंबरअखेर किंवा जानेवारी-फेब्रुवारीत जा, समुद्रही शांत असतो. सुट्टीतच जायचं असेल तर सहा-आठ महिने आधी पैसे भरा, चौघांच्या केबिन सर्वांत आधी संपतात. परदेशी कंपन्या जानेवारी ते मार्चमध्ये सवलती काढतात. बुकिंगनंतर भाडं उतरलं तर पूर्ण रक्कम भरण्याच्या तारखेपर्यंत एजंटला फरक मागता येतो, पुष्कळदा मिळतो. ती तारीख वहीत लिहून ठेवा.

निवृत्त मंडळींसाठी आणखी एक: ऋतू बदलताना जहाजं एका भागातून दुसऱ्या भागात नेतात. अशा लांब, एकेरी सफरींचं दर रात्रीचं भाडं फार कमी असतं. समुद्रातले दिवस पुष्कळ, बंदरं थोडी, आणि विमान एकाच बाजूचं काढायचं.

समुद्रात दिवसभर करायचं काय? कंटाळा नाही येत?

येतो, जर दर तासाला कार्यक्रम शोधत राहिलात तर. रोज रात्री केबिनमध्ये किंवा अ‍ॅपवर दुसऱ्या दिवसाचं वेळापत्रक येतं. त्यातल्या दोनच गोष्टींवर खूण करा, एक सकाळची आणि एक रात्रीचा शो. उरलेला वेळ मोकळा ठेवा. पहाटे डेकवर चक्कर मारा, तेव्हा तिथे कुणी नसतं. ग्रंथालयात बसा, नातवंडांशी पत्ते खेळा, नृत्याच्या मोफत वर्गाला जा. आपल्या शहरातल्या धावपळीत घरची माणसं एका टेबलावर दिवसातून तीनदा बसत नाहीत; इथे बसतात. क्रूझचा खरा लाभ मला तोच वाटतो आणि त्याला वेगळे पैसे पडत नाहीत.

फोटोग्राफर, स्पा, कसिनो, बिंगो, लकी ड्रॉ यांचे पैसे वेगळे. सगळं एका कार्डावर चढतं, हातातून नोट जात नाही म्हणून खर्च जाणवत नाही. घरूनच रक्कम ठरवा, मुलांच्या कार्डावर खरेदी बंद करायला सांगा आणि रोज रात्री हिशेब पाहा. स्पामध्ये जायचंच असेल तर जहाज बंदरात असताना जा, त्या दिवशी दर उतरतात.

कपडे कसे न्यावेत?

एका संध्याकाळी नीटनेटका पोशाख लागतो. पैठणी किंवा साधी रेशमी साडी, कुर्ता-जाकीट सगळीकडे उत्तम चालतं. एसी जोरात असतो, शाल घ्या.

परतीचं तिकीट कधीचं काढावं?

जहाज सकाळी मुंबईला लागतं, पण तुमच्या गटाला उतरवेपर्यंत दहा-अकरा वाजू शकतात. आदल्या रात्री बिल तपासून चूक असेल तर लगेच काउंटरवर जा, सकाळी तिथे लांब रांग असते. बॅगा आदल्या रात्री बाहेर ठेवायच्या असतात, म्हणून एक जोड कपडे आणि औषधं जवळ ठेवा. बडोद्याची गाडी दुपारी दोननंतरचीच काढा, आणि बोरिवलीऐवजी मुंबई सेंट्रलहून, म्हणजे सामान घेऊन लोकलमध्ये चढावं लागणार नाही.